वारा फिरायच्या आत

तुमच्या आत्याच्या शेजारी एक बाई राहतात. रुग्णालयात नर्स आहेत, परसात गुलाब लावतात, आणि दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे रायफल खांद्याला लावून एकट्याच हरणाच्या शिकारीला निघतात. लगेच तोंडं वाकडी करू नका. तुमच्या आजीनंही केलं होतं. गळ्यात तुळशीची माळ, दुसरं काय करणार? पण मी कुंपणापाशी उभा राहून सगळी हकिगत खोदून खोदून विचारून घेतली. मला रस हरणात होता. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, हरणाचं पोट, हरणाचे खूर फळ्यावर काढून दाखवले. पण वारा हाही हरणाचा एक अवयवच असतो, हे त्या बाईंच्या बोलण्यातून कळलं.

आत्याचं गाव फोर्ट कॉलिन्स, अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात. पूर्वेला नजर पोचेल तिथवर माळ, आणि पश्चिमेला गाव संपलं की रॉकी पर्वताचा चढ सुरू. हा पायथासुद्धा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून उंच! काश ला पूद्र नावाची नदी डोंगर फोडून गावात उतरते. कागदावर हे फ्रेंच नाव, बोलताना सगळे तिला नुसतं ‘पूडर’ म्हणतात. तिच्या खोऱ्यात सरकारी राष्ट्रीय वन आहे, घरापासून तासाभराच्या आत. दूरच्या नावाजलेल्या डोंगरांत तंबू ठोकून राहणारे शिकारी वेगळे. या बाईंना रात्री आपल्या अंथरुणात झोपायचं असतं.

‘आजोबा, त्यांना पोलीस पकडत नाहीत?’

आपल्याकडे पकडतात, आणि पकडलंच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे चितळ मारणं हा गुन्हा आहे. तिथे शिकारीला मुभा आहे, पण ती भलतीच काटेकोर. १९९९ पासून कोलोराडोत हरणांचे परवाने मोजकेच निघतात. वसंतात अर्ज करायचा, मग सोडत. कुठला विभाग, कुठले दिवस, नर की मादी, सगळं परवान्यावर लिहिलेलं. १९४९ सालापासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकाऱ्यांचा वर्ग पुरा करावा लागतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बंदूक चालवायची. खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर तोही गुन्हा. शिवाय बंदुका आणि काडतुसांवर एक कर आहे, आणि १९३७ पासून तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. मला हे पटतं का, असं विचाराल तर अर्धवट. माझ्या हातून चाप ओढला जाणार नाही. पण बाराही महिने मिटक्या मारत मटण खाणाऱ्यानं त्या बाईंना नावं ठेवू नयेत, एवढं मात्र खरं.

तर, त्या बाई निघाल्या म्हणजे अंगात काय घालतात माहीत आहे? डोळ्यांत खुपेल असा भगभगीत नारिंगी अंगरखा आणि त्याच रंगाची टोपी. रायफलवाल्यांना हे दोन्ही कायद्यानं सक्तीचं आहे. अलीकडे भडक गुलाबीही चालतो. का, तर दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबून ओळखू यावा. मग हरणाला नाही का दिसत? दिसतो, पण नारिंगी दिसत नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन तऱ्हेच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. निळा त्याला उत्तम कळतो, तांबड्यासाठी पेशीच नाही. म्हणून नारिंगी अंगरखा त्याला वाळल्या गवताच्या रंगाचा भासतो. आता आपल्या ताडोब्याचा विचार करा. तिथलं चितळही असंच बघतं. वाघ एवढा झगझगीत नारिंगी असून चितळाला का दिसत नाही, हे कोडं इथेच सुटतं. सस्तन प्राण्याला हिरवे केस काही उगवत नाहीत, मग वाघानं नारिंगी होऊन चितळाच्या डोळ्यातली ती उणीव वापरली. उलट त्या बाई एका गोष्टीला फार जपतात. कपड्यांना चकाकी आणणारी धुण्याची पावडर त्या शिकारीच्या कपड्यांना लावत नाहीत. ती पावडर आपल्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकते, आणि निळा तर हरणाला उत्तम कळतो.

हे हरीण म्हणजे म्यूल डिअर. म्यूल म्हणजे खेचर. कान पाहिले की नाव कुठून आलं ते विचारावं लागत नाही. सप्टेंबर १८०४ मध्ये ल्युईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीनं वर सरकत होती, तेव्हा आजच्या दक्षिण डकोटात त्यांना हे प्राणी भेटले आणि ते लिखाणात आले. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याची कातडी पिढ्यान्‌पिढ्या पांघरली होती, ती काही कुणी लिहून ठेवली नव्हती.

त्याच्या शिंगांबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण परीक्षेत तुम्ही नेहमी इथेच घोळ करता. गवा, काळवीट, आपली म्हैस यांच्या शिंगात आत हाड आणि वर नखाच्याच द्रव्याचं, केराटिनचं, टोपण असतं. एकदा आलं की जन्मभर तेच. चितळ, सांबर आणि हे म्यूल डिअर यांचं शिंग म्हणजे निव्वळ हाड, आणि ते दर वर्षी गळून पडतं. वसंतात कपाळावर दोन गाठी फुगतात. त्यांवर मखमली कातडी, कातडीत रक्तवाहिन्या. हात लावला तर गरम लागेल अशी. सस्तन प्राण्यांत इतक्या झपाट्यानं वाढणारं दुसरं हाड नाही. एवढा चुना आणायचा कुठून? खाण्यातून पुरत नाही, तेव्हा नर आपल्याच बरगड्यांमधून काढून तो कपाळाकडे पाठवतो. त्या दिवसांत त्याच्या बरगड्या खरोखर ठिसूळ होतात. उन्हाळा सरता सरता रक्त आटतं, मखमल वाळते, आणि तो झुडपांवर घासून घासून ती सोलून काढतो. नोव्हेंबरात माज. तो ओसरला, अंगातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं, की शिंगाच्या बुडातलं हाड आतून विरघळतं आणि हिवाळ्याच्या शेवटी शिंग टपकन गळतं. पडलेली शिंगं रानातले उंदीर, साळिंदरं कुरतडून खातात. चुना असा परत रानात. म्यूल डिअरच्या शिंगाला आधी दोन फाटे फुटतात, मग प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन. त्याच देशातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं शिंग एका मुख्य दांड्यावर सगळी टोकं उभी केलेलं असतं. लांबून ओळखायची हीच खूण.

आता ती सकाळ. नोव्हेंबर लागला होता. कुठे जाते आणि अंधार पडल्यावर किती वाजेपर्यंत वाट बघायची, याची चिठ्ठी बाईंनी आदल्या रात्रीच आत्याच्या फ्रिजवर चिकटवून ठेवली. एकट्यानं जाणाऱ्याचा तो पहिला नियम. अंधारातच त्या दरीच्या तळाशी पोचल्या आणि खिशातून एक छोटी मऊ बाटली काढून दाबली. बाटलीत पांढरी भुकटी. भुकटीचा एक पिसारा हवेत निघाला आणि हळूहळू उताराखाली, त्यांच्या पाठीकडे गेला. म्हणजे हवा वरून खाली येत होती. हरणं वर. उत्तम.

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही दरीय वारे आणि पर्वतीय वारे पाठ केले आहेत ना? दोन गुणांसाठी! तिथे त्यांवर जीव अवलंबून असतो. रात्री डोंगराचा उतार उष्णता सोडून गार होतो, त्याला चिकटलेली हवाही गार होते, जड होते आणि पाण्यासारखी दरीत ओघळते. ते पर्वतीय वारे. सकाळी ऊन चढलं की उतार तापतो, हवा हलकी होऊन वर सरकू लागते. ते दरीय वारे. मधे थोडा वेळ हवा घुटमळते, कुठेच जात नाही, आणि मग उलटते. म्यूल डिअरला हे पाठ करावं लागत नाही. रात्री खाली चरून झालं की तो उजाडताना चढू लागतो आणि डोंगराच्या वरच्या भागात, एखाद्या कपारीला पाठ लावून बसतो. खालचा सगळा उतार डोळ्यांसमोर. ऊन चढल्यावर खालचा सगळा वासही आपोआप नाकाशी. पाठीमागून डोंगरमाथ्यावरचा वारा धारेवरून पलीकडची बातमी आणतो. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात, एक पुढे, एक मागे. त्याच्याजवळ कसं जायचं सांगा?

बाई खालून वर, चेहऱ्यावर गार हवा घेत चढत होत्या. वर माउंटन महॉगनीच्या झुडपांत चार टोकांचा, भरल्या छातीचा एक नर त्यांना दुर्बिणीतून दिसला होता. अजून थोडं अंतर तोडायचं होतं. पण तो उतार पूर्वेकडे तोंड केलेला. सूर्याचं पहिलं ऊन त्यालाच मिळतं. समोरचा डोंगर अजून सावलीत, आणि इथे मात्र दगड कोमट व्हायला लागले. बाईंनी बाटली दाबली. पिसारा जागच्या जागी उभा राहिला, डगमगला, आणि वर निघाला.

संपलं. त्या म्हणाल्या, ‘मी त्याच्याकडे बघत होते आणि माझा वास माझ्याआधी तिथे चालत जाताना मला जवळजवळ दिसत होता.’ नरानं मान वर केली, नाक ओलं केलं, आणि उधळला.

कसा उधळला ते बघा. घोडा धावतो, कुत्रा धावतो, तसा हा धावत नाही. चारही खूर एकदम जमिनीवरून उठतात आणि चारही एकदम टेकतात. दगड, पडलेलं झाड, झुडूप, काही मधे असो, चेंडू टप्पे खात डोंगर चढावा तसा तो जातो. सपाट मैदानात ही चाल हळू आणि दमवणारी. पण खडकाळ चढावर मागे लागलेल्या कोयोटीसारख्या शिकारी प्राण्याला प्रत्येक अडथळा वळसा घालून ओलांडावा लागतो, हा वरून जातो. शिवाय प्रत्येक उडीनंतर दिशा बदलायची मोकळीक. पुढचा टप्पा कुठे पडेल हे मागच्याला कळत नाही. पांढऱ्या शेपटीचं हरीण याच्या उलट, सरळ चौखूर पळून लांब जातं. क्वचित दोघांची संकरित पिल्लं होतात, आणि त्यांचं पळणं तपासलं गेलं आहे. त्यांना धड उड्याही जमत नाहीत, धड पळताही येत नाही. चांगले दोन उपाय एकत्र केले की तिसरा चांगला उपाय होतोच असं नाही. निसर्गात तर फारच क्वचित.

या प्राण्याची एक खोड मात्र शिकाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. पळून धारेवर पोचला की थांबून वळून बघतो. हाही थांबला. मागे मोकळं आकाश, त्यात शिंगांची पूर्ण नक्षी. बाईंनी रायफल उचललीच नाही. आकाशावर उभ्या असलेल्या जनावरावर गोळी झाडायची नसते, कारण चुकली तर पलीकडे ती कुठे जाईल ते दिसत नाही.

मग त्यांनी डाव उलटा केला. लांबचा वळसा घालून त्या डोंगराच्या वर गेल्या. दुपारची हवा वर चढते, तर आपणही वर बसावं. खालच्या हरणांचा वास आपल्याकडे यावा, आपला त्यांच्याकडे जाऊ नये. एका पाँडेरोसा पाइनच्या खोडाला टेकून त्यांनी सँडविच खाल्लं. या झाडाची साल उन्हानं तापली की व्हॅनिलाचा वास येतो.

खाली दोन माद्या आणि त्या वर्षीची पाडसं सेजब्रश आणि बिटरब्रशची टोकं खुडत होती. सेजब्रशमध्ये उग्र तेलं असतात. हरणाच्या कोठीपोटात जे कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा कुजवून देतात, त्यांना ती तेलं मारतात. म्हणून हरीण त्याचे थोडे घास घेतं आणि दुसऱ्या झुडपाकडे वळतं. ऋतू बदलतो तशी त्या सूक्ष्मजीवांची जातही हळूहळू बदलते. यातून एक चमत्कारिक गोष्ट होते. कडक हिवाळ्यात हरणं खंगलेली बघून कुणी कनवाळू माणूस मक्याची रास टाकतो, हरणं पोटभर खातात आणि भरल्या पोटी मरतात. हिवाळी काटक्या पचवणाऱ्या पोटात एकदम पिठूळ धान्य गेलं की आम्ल माजतं. आपल्याकडे पोळ्याला बैलाला पुरणपोळ्यांचा मारा करू नका म्हणून डॉक्टर ओरडतात, ते नेमकं याच कारणासाठी.

बाईंच्या पिशवीत एक शिट्टी होती. फुंकली की घाबरलेल्या पाडसाचा आवाज येतो आणि माद्या धावत येतात. मागोमाग नरही येऊ शकतो, माजाचे दिवस होते. त्यांनी ती फुंकली नाही. या आवाजावर कॅनडात सुझन लिंगल आणि टोबियास रिडे या संशोधकांनी काम केलं, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी हरिणींच्या रानात ध्वनिक्षेपक ठेवून निरनिराळ्या प्राण्यांच्या पिल्लांचं रडणं ऐकवलं. सीलचं पिल्लू, मांजराचं पिल्लू, वटवाघळाचं, आणि माणसाचं तान्हं बाळसुद्धा. सूर त्यांच्या पाडसाच्या पट्टीत बसवला की हरिणी ध्वनिक्षेपकाकडे धावत येत. समुद्र न पाहिलेल्या हरिणीला सीलच्या पिल्लाची हाक कळते! तुमची आजी या गोष्टीवर हसली नाही, रडली. मग मी विषय बदलला.

उतार पूर्वेचा, त्यामुळे सकाळी ऊन लवकर आलं तसं दुपारी लवकर जाणारही होतं. आणि सावली पडली की हवा गार, हवा गार झाली की ती खाली. म्हणजे वर बसलेल्या बाईंचा वास पुन्हा हरणांवर. घड्याळाकडे त्या बघतच नव्हत्या. पश्चिमेच्या धारेची सावली उतारावरून खाली सरकत होती, तिच्याकडे बघत होत्या. सावली पाइनपाशी आली. बाटलीतला पिसारा डळमळायला लागला. तेवढ्यात खालच्या जुनिपरच्या झुडपामागून एक नर उठला, आळस देऊन उभा राहिला. सकाळचा दांडगा नव्हे. हा लहानसा, प्रत्येक शिंगाला एकच फाटा. दीडशे मीटर. आडवा उभा. मागे मातीचा उतार, गोळी अडेल असा. त्यांनी खांद्याच्या जरा मागे नेम धरला.

तो थोडा धावला आणि कोसळला. यापुढचं त्यांनी चटकन सांगितलं, मीही तसंच सांगतो.

मेहनत इथून सुरू होते. परवान्याची चिठ्ठी जनावराला बांधायची. कातडी सोलायची, मांड्या, खांदे, पाठीचं मांस सुटं करून कापडी पिशव्यांत भरायचं आणि झाडाला टांगायचं, आतड्यांपासून लांब. कारण त्या वासावर रात्री प्यूमा येऊ शकतो. त्याचं मुख्य खाणं हेच हरीण. मग डोक्याला दिवा बांधून पाठीवर ओझी घेऊन खाली गाडीपर्यंत खेपा. त्यांच्या काडतुसात गोळी तांब्याची होती. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत पसरतात, आणि मागे राहिलेलं ते खाऊन सोनेरी गरुड आणि कॅलिफोर्नियातली काँडर गिधाडं शिशाच्या विषबाधेनं मेली आहेत. कॅलिफोर्नियानं २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच केली. कोलोराडोत सक्ती नाही; या बाईंनी आपणहून सोडली. उरलेल्या आतड्यांवर सकाळी मॅगपाय आणि डोमकावळे जमणार, हे धरूनच त्या निघाल्या.

पण मांस लगेच खायचं नाही! डोकं वन्यजीव खात्याच्या तपासणी केंद्रात द्यायचं आणि निकाल येईपर्यंत थांबायचं. याचा संबंध त्याच गावाशी आहे. १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पाळलेली म्यूल डिअर विचित्र तऱ्हेनं खंगून मरू लागली. खायची, तरी वाळायची. मान टाकायची, लाळ गाळायची. खाणं कमी पडलं असेल, असंच लोकांना वाटत राहिलं. १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्यक संशोधिकेनं मेलेल्या हरणांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मेंदूला बारीक बारीक भोकं. १९८१ मध्ये हाच रोग जंगलातल्या एका एल्कमध्ये सापडला.

रोगाचं कारण जिवाणू नाही, विषाणू नाही. एक प्रथिन. अंगात एरवी निरुपद्रवी असणाऱ्या प्रथिनाची घडी चुकीची पडते, आणि ते चुकलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाची घडीही आपल्यासारखी करून टाकतं. त्याला ना जनुकं, ना पेशी. मारायचं तर काय मारणार, ते जिवंतच नाही. शिजवून जात नाही, आणि मेलेल्या जनावराच्या जागी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी याला प्रिऑन म्हटलं. आधी पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढलं, १९९७ मध्ये नोबेल दिलं. हा रोग हरणाकडून माणसाला झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, तरी रोगट निघालेलं मांस खाऊ नका असंच तिथलं आरोग्य खातं सांगतं. बाईंच्या हरणाचा निकाल ‘आढळला नाही’ असा आला. ‘सुरक्षित’ असा शब्द प्रयोगशाळा लिहीत नाही. मला हे फार आवडलं.

बाईंनी त्याचा एक पुढचा दातही पाकिटात घालून दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवला. दाताच्या मुळावर दर वर्षी एक थर चढतो, त्याचा पातळ काप रंगवून वर्तुळं मोजली की वय निघतं. त्याला महिने लागतात. मी साताऱ्याला परत आल्यावर आत्यानं फोनवर सांगितलं: अडीच वर्षं.

‘आजोबा, पहिल्या वर्षी तर पाडसाला नुसत्या गाठी असतात ना?’

नुसत्या गाठी.

‘म्हणजे हा त्याचा दुसराच जोड?’

बरोबर, दुसराच. पहिला त्याच डोंगरावर कुठेतरी साळिंदरानं केव्हाच खाल्ला असेल.